पेटीवर बोटं पळतात कशी? हार्मोनियमवरचा वेग, तंत्र आणि रियाज समजून घ्या

दिवाळी संपली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. भाऊबीजेपासून पुढे आज या गावात, उद्या त्या गावात मंडई भरते. लेकी-जावई येतात, पाहुणे येतात, दिवसा बाजार आणि दंडार, आणि रात्री नाटक. साकोली, लाखनी, लाखांदूर या भागांत ही नाटकं रात्री सुरू होतात आणि अनेकदा उजाडेपर्यंत चालतात. रंगमंचाच्या कडेला तबलजीशेजारी एक माणूस बसलेला असतो. त्याच्यापुढे पेटी, ऑर्गन किंवा आताशा की-बोर्ड असतो. नटाने गाताना एक तान घेतली की पुढच्याच क्षणी तीच तान या माणसाच्या बोटांतून उमटते. ती कुणी लिहून दिलेली नसते, आणि नट उद्या ती वेगळी घेणार असतो.

प्रेक्षकांना ही जादू वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे बोटांचं शास्त्र, मेंदूची सवय, वाद्याची रचना आणि अनेक वर्षांचा रियाज असतो. हार्मोनियमवर वेग कसा कमावला जातो, त्यात चुका कुठे होतात आणि घाई केली तर हात कायमचा का बिघडू शकतो, याची ही माहिती.

पेटी इथवर आली कशी?

हार्मोनियम हे मूळचं युरोपातलं वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. ते वाद्य टेबलासारखं उंच होतं, भाता पायाने चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याचं मांडी घालून वाजवता येईल असं, हाताच्या भात्याचं रूप घडवलं. तीच आपली पेटी.

महाराष्ट्रात तिला घर मिळालं ते संगीत नाटकामुळे. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि पुढच्या काही दशकांत पेटी आणि पायाने चालवायचा ऑर्गन नाट्यसंगीताचा कणा झाले. 'मानापमान'चं संगीत देणारे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हे स्वतः नामवंत पेटीवादक होते.

हा प्रवास सरळ झाला नाही. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर ठरलेल्या जागी पक्के असतात, अशी टीका सुरू झाली आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून टप्प्याटप्प्याने उठली. म्हणजे तीन दशकं या वाद्याला रेडिओवर जागा नव्हती. याच काळात आणि त्यानंतर पी. मधुकर, अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, बेळगावचे रामभाऊ विजापुरे, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर अशा वादकांनी पेटी फक्त साथीचं वाद्य नाही हे दाखवून दिलं. नागपुरात जन्मलेल्या मनोहर चिमोटे यांनी तर एकलवादनासाठी वेगळी घडवलेली पेटी 'संवादिनी' या नावाने लोकांपुढे आणली. बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली.

वेग म्हणजे नक्की किती?

'फास्ट वाजवतो' या शब्दाला काही अर्थ द्यायचा तर आकडा हवा. हिशोब सोपा आहे.

समजा लय मिनिटाला ६० मात्रांची आहे. म्हणजे एका मात्रेला एक सेकंद. एका मात्रेत दोन सूर वाजवले तर दुगुण, चार वाजवले तर चौगुण. म्हणजे चौगुणीत सेकंदाला ४ सूर. हे काही महिन्यांच्या नियमित रियाजाने जमतं.

आता लय १२० मात्रांची घ्या. चौगुणीत सेकंदाला ८ सूर होतात. म्हणजे एका सुराच्या वाट्याला सेकंदाचा आठवा भाग. इथे अनेकांची गाडी अडते. बोटं पळतात, पण काही सूर गिळले जातात, काही दोन-दोन एकत्र चिकटतात आणि समेवर येताना गडबड होते.

म्हणूनच जाणकार वेग मोजताना तीन गोष्टी पाहतात. प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो का? सगळ्या सुरांमधलं अंतर सारखं आहे का? आणि तान संपल्यावर वादक समेवर नेमका उतरतो का? यातली एक गोष्ट जरी सुटली तरी त्या वेगाला वेग म्हणत नाहीत, ती फक्त घाई असते.

बोटांच्या आधी मेंदू

सेकंदाला आठ सूर वाजत असताना प्रत्येक सुराला जेमतेम १२५ मिलिसेकंद मिळतात. बोटाला काय जाणवलं ते मेंदूपर्यंत जाऊन, तिथून नवा हुकूम परत यायला जवळपास तेवढाच किंवा जास्त वेळ लागतो. म्हणजे एक सूर वाजला, तो बरोबर आला का हे पाहिलं आणि मग पुढचा ठरवला, असं या वेगात शक्यच नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी १९५१ साली हाच मुद्दा मांडला होता. वेगात वाजवणाऱ्या पियानोवादकाच्या बोटांचा क्रम आधीच मेंदूत तयार असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज हे सर्वमान्य आहे. मेंदू एकेक सूर लक्षात ठेवत नाही, तो सुरांचे गठ्ठे करतो. 'सारेगम' हा चार सुरांचा एक गठ्ठा, 'रेगमप' हा दुसरा. आपण 'नमस्कार' म्हणताना न, म, स असं वेगळं आठवत नाही, तसंच.

आपल्याकडची पलट्यांची परंपरा नेमकं हेच काम करते. सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां हा पलटा हजारदा वाजवला की प्रत्येक चौकडी एक तयार वस्तू होते. पुढे गायकाने तान घेतली की वादकाला सोळा सूर ओळखायचे नसतात, चार गठ्ठे ओळखायचे असतात. साथीदाराचा हात इतका पटकन चालतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पेटी पियानोपेक्षा वेगळी कुठे?

इंटरनेटवर बोटांच्या वेगाबद्दल जे सापडतं, ते बहुतेक पियानोबद्दल असतं. पट्ट्यांची मांडणी सारखी असल्यामुळे त्यातलं बरंच उपयोगी पडतं, पण सगळं नाही. फरक समजून घेतला नाही तर मेहनत वाया जाते.

पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते. जोरात दाबलं तर मोठा आवाज, हळू दाबलं तर लहान. पेटीत असं काही नसतं. पट्टी दाबली की आतली झडप उघडते, भात्याची हवा पितळी जिभेवरून जाते आणि ती जीभ थरथरून सूर येतो. झडप उघडली की काम झालं. पट्टी कितीही जोरात आपटली तरी सूर मोठा होत नाही. आवाज लहान-मोठा होतो तो भात्याच्या दाबाने.

यातून वेगाचा पहिला नियम निघतो: पेटीवर जोर लावणं म्हणजे ताकद फुकट घालवणं. झडप उघडेल एवढाच दाब पुरेसा असतो. त्यापुढचा सगळा जोर बोटात अडकून राहतो आणि पुढच्या सुराला उशीर करतो.

दुसरा फरक खर्जाचा. खालच्या सप्तकातल्या पितळी जिभा मोठ्या आणि जड असतात. हवा लागल्यावर त्यांना बोलायला वरच्या सप्तकापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. त्यामुळे मध्य सप्तकात स्वच्छ निघणारी तान मंद्रात त्याच वेगाने धूसर वाटते. यात दरवेळी वादकाचा दोष नसतो. अनुभवी वादक अतिद्रुत तानांसाठी मध्य आणि तार सप्तक निवडतात, याचं हे एक कारण.

तिसरा फरक कपलरचा. कपलर लावला की एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातलीही पट्टी दबते. आवाज भरदार होतो, पण बोटाला दोन स्प्रिंगांचा भार उचलावा लागतो. वेगाचा रियाज करताना कपलर काढून ठेवणं शहाणपणाचं.

कुठलं बोट कुठल्या सुरावर?

पेटीवर वेग अडण्याचं सर्वात मोठं कारण बोटं मंद असणं हे नसतं. चुकीचं बोट चुकीच्या वेळी चुकीच्या जागी असतं, हे असतं. सावकाश वाजवताना कुठल्याही बोटाने काम भागतं. वेग वाढला की नेमकं तिथेच ठेचकाळायला होतं.

उदाहरण म्हणून काळी एक घेऊ. आपल्याकडे पुष्कळ पुरुष गायक या पट्टीत किंवा तिच्या आसपास गातात. शुद्ध सुरांचं सप्तक काळी एकमध्ये वाजवायचं तर बोटांची वाटणी अशी करता येते:

- सा (काळी १): तर्जनी
- रे (काळी २): मधलं बोट
- ग (पांढरी ४): अंगठा
- म (काळी ३): तर्जनी
- प (काळी ४): मधलं बोट
- ध (काळी ५): अनामिका
- नी (वरची पांढरी १): अंगठा
- सां (वरची काळी १): तर्जनी

गंमत पाहा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा खालच्या पांढऱ्या पट्टीवर, अशी नैसर्गिक मांडणी आपोआप झाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गंधार आणि निषाद कोमल केले, म्हणजे काफी थाट घेतला, तरी बोटांचा क्रम तोच राहतो. फक्त अंगठा शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर सरकतो. भैरवीत मात्र रे आणि ध हेही कोमल होऊन पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि वाटणी नव्याने ठरवावी लागते.

पोलंडचे संगीतकार शोपँ हेही आपल्या शिष्यांना सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या सप्तकापासून सुरुवात करू देत नसत. जास्त काळ्या पट्ट्या असलेलं सप्तक हाताला सोयीचं, असं त्यांचं मत होतं. आपल्याकडे मात्र नवशिक्याला बहुतेकदा पांढरी एकमध्ये बसवतात, कारण ती दिसायला सोपी असते. दिसायला सोपी आणि हाताला सोपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पट्टी बदलली की वाटणीही बदलते. काळी दोनमध्ये अंगठा रे आणि ध वर येणं सोयीचं ठरतं. पांढरी चारमध्ये तो सा आणि प वर येतो. म्हणून एकाच पट्टीत तयार झालेला हात दुसऱ्या पट्टीत अडखळतो. स्केल चेंजरच्या पेटीत पट्ट्यांचा सगळा ताफाच सरकवता येतो आणि हा प्रश्न सुटतो. पण गावोगावच्या भजनी मंडळांत साधी पेटीच जास्त असते. तिथे साथीला बसणाऱ्याला निदान तीन-चार पट्ट्या हाताखाली असाव्या लागतात.

गुरूनुसार आणि परंपरेनुसार बोटांची पद्धत बदलते. काही वादक अंगठा कमी वापरतात आणि लांब बोट वरून ओलांडतात. कुठली पद्धत बरोबर यापेक्षा एका तानेला एकच वाटणी ठरवणं आणि रोज तीच ठेवणं जास्त महत्त्वाचं. आज तर्जनी, उद्या मधलं बोट असं केलं तर मेंदूत गठ्ठा तयारच होत नाही.

डावा हातही वेग ठरवतो

पेटी शिकणाऱ्याचं सगळं लक्ष उजव्या हाताकडे असतं. पण द्रुत तानेत आवाज मध्येच खचतो किंवा धक्के बसतात, तेव्हा दोष डाव्या हाताचा असतो. उजव्या हाताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डावा हातही भाता हलवू लागतो, ही नवशिक्यांची नेहमीची सवय.

भाता ही हवेची टाकी आहे. तिच्यात दाब कायम राहील एवढंच काम डाव्या हाताचं. उजवा हात चौगुणीत असला तरी डावा संथच राहिला पाहिजे. यासाठी साधा सराव आहे: एकच सूर दाबून ठेवायचा आणि भाता अशा रीतीने चालवायचा की आवाजात कुठेही चढ-उतार कळू नये. हे जमलं की मगच वर पलटा सुरू करायचा.

रियाजाच्या पायऱ्या

वेग कमावण्याच्या पद्धती अनेक आहेत. बहुतेक गुरू आणि अभ्यासक ज्यावर सहमत होतील असा क्रम पुढे दिला आहे.

१. ठाय लय. मिनिटाला ६० मात्रा, एका मात्रेत एक किंवा दोन सूर. मोबाइलवरचं मेट्रोनोम किंवा तबल्याचं ॲप पुरतं. इथे फक्त दोन गोष्टी पाहायच्या: बोट ठरलेलं आहे का आणि हात सैल आहे का.

२. सुरांचा जोड. एक बोट उचलण्याची आणि दुसरं टेकण्याची वेळ एकच हवी. मध्ये फट पडली तर तान तुटक वाटते, जास्त वेळ दोन्ही दबून राहिले तर सूर एकमेकांत मिसळतात. पेटीवर मींड नसल्यामुळे गायकीचा भास या जोडातूनच द्यावा लागतो.

३. लय थोडी-थोडी वाढवणं. एकच पलटा सलग तीन वेळा बिनचूक आला की लय चार-पाच मात्रांनी वाढवायची. चूक झाली की दोन पायऱ्या खाली यायचं. चुकीसह वाजवत राहिलं तर चूकच पक्की होते.

४. तुकड्यांत धावणं. नुसत्या संथ रियाजाने अचूकपणा येतो, वेग आपोआप येत नाही. सावकाश चालणं आणि पळणं या हालचालीच वेगळ्या आहेत. म्हणून 'सारेगम' हे चारच सूर पूर्ण वेगात वाजवायचे आणि पाचव्या सुरावर थांबायचं. हात सैल सोडायचा. मग पुन्हा. चार जमले की आठ, मग सोळा. प्रत्येक थांबा हा ताण तपासण्याची जागा असतो.

५. वजन बदलणं. तीन सुरांचा पलटा, सारेग, रेगम, गमप, चौगुणीत वाजवून पाहावा. मात्रेचा ठोका दरवेळी वेगळ्या बोटावर पडतो. जे बोट कमकुवत असतं ते इथे लगेच उघडं पडतं. बहुतेकांच्या बाबतीत ते अनामिका असतं.

६. एकाच सुराची पुनरावृत्ती. सासा रेरे गग मम वेगात वाजवताना तेच बोट आपटत राहिलं तर मनगट आखडतं. त्याऐवजी एकाच पट्टीवर मधलं बोट आणि तर्जनी आलटून-पालटून वापरली तर वेग दुप्पट वाटतो आणि हात थकत नाही.

७. ऐकून लगेच वाजवणं. साथ करायची असेल तर हा शेवटचा टप्पा टाळता येत नाही. कुणीतरी चार सुरांचा तुकडा गायचा, वादकाने तो तत्काळ पेटीवर काढायचा. सोबतीला कुणी नसेल तर स्वतः गाऊन वाजवायचं. जे गळ्याने म्हणता येत नाही, ते बोटांतूनही समजून निघत नाही.

झोप आणि विश्रांती हाही रियाज

'रोज आठ तास पेटी वाजव' असा सल्ला सर्रास मिळतो. संशोधन थोडं वेगळं सांगतं.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायला शिकवलं गेलं. एक रात्र झोप झाल्यावर, मध्ये काहीही सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्के वाढलेला दिसला. दिवसभर जागं राहिलेल्यांमध्ये तेवढी वाढ दिसली नाही. २०१९ साली झालेल्या दुसऱ्या प्रयोगात लोकांनी १० सेकंद सराव आणि १० सेकंद विश्रांती असं केलं. सुरुवातीच्या टप्प्यातली बरीचशी सुधारणा त्या छोट्या विश्रांतीच्या काळात झाली होती.

याचा अर्थ कमी रियाज करा असा नाही. सलग तीन तास पेटीपुढे बसण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटांच्या तीन-चार बैठका जास्त फळ देतात, असा आहे. शेतीची कामं किंवा नोकरी सांभाळून वाजवणाऱ्यासाठी ही चांगलीच बातमी आहे.

हात दुखतोय? थांबा

बोटांना हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. तिथून लांब दोऱ्यांसारख्या शिरा, म्हणजे कंडरा, बोटांपर्यंत येतात. अनामिकेच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडलेल्या असतात. म्हणून इतर बोटं टेकवून फक्त अनामिका वर उचलणं सगळ्यांनाच कठीण जातं. ही कमजोरी नाही, ही शरीराची रचना आहे. तिच्याशी जबरदस्ती केली तर नुकसान होतं.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांचा उजवा हात १८३० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निकामी झाला आणि पियानोवादक होण्याचं स्वप्न संपलं. बोटं बळकट करण्यासाठी त्यांनी एक यंत्र वापरलं होतं, असं सांगितलं जातं. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं १९६० च्या दशकाच्या मध्यात आपोआप आत वळू लागली. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. त्यात स्नायू दुबळे होत नाहीत, मेंदूतला बोटांचा नकाशा बिघडतो. फ्लायशर यांनी पुढची अनेक वर्षं फक्त डाव्या हाताने वाजवलं आणि १९९० च्या दशकात ते दोन्ही हातांनी वाजवू लागले. व्यावसायिक वादकांपैकी साधारण शंभरात एकाला हा त्रास होतो, असं मानलं जातं.

पेटीवादकासाठी धोक्याच्या खुणा अशा: वाजवताना खांदा कानाकडे चढणं, मनगट खाली मोडलेलं राहणं, करंगळी ताठ वर उभी राहणं, रियाजानंतर हाताला मुंग्या येणं किंवा सकाळी बोट अडकणं. दुखत असताना 'आणखी थोडं' म्हणून वाजवू नये. विश्रांती घेऊनही त्रास राहिला तर अस्थिरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावं.

बसण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मांडी घालून बसल्यावर पेटी फार दूर किंवा फार खाली असेल तर पाठीला बाक येतो आणि मनगट वाकतं. पेटीखाली घडी घातलेली सतरंजी किंवा पाट ठेवून कोपर आणि पट्ट्या साधारण एका पातळीत आणता येतात. खर्च काहीच नाही, फरक मोठा पडतो.

झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम ऐन थंडीत असतो. उघड्यावरच्या मंडपात मध्यरात्रीनंतर बोटं गारठतात आणि गार स्नायू खरोखरच मंद चालतात. नांदीच्या आधी हात चोळून, शेकून आणि पाच-दहा मिनिटं संथ पलटे वाजवून घेणं, हे चैनीचं नाही, गरजेचं आहे.

पेटी चांगली नसेल तर?

कितीही तयार हात असला तरी अडकणाऱ्या पट्टीवर वेग निघत नाही. पूर्व विदर्भात पाऊस भरपूर. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात आणि दाबलेली पट्टी वर यायला वेळ लावते. पेटी जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये, झाकून कोरड्या जागी ठेवावी. अडकलेली पट्टी घरच्या घरी तेल लावून सोडवायचा प्रयत्न करू नये. तेलावर धूळ बसते आणि दुखणं वाढतं. पितळी जिभा घासणं, सूर मिळवणं ही कामं पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराचीच.

भंडाऱ्याची ओळख पितळेच्या भांड्यांचं शहर अशी आहे. पेटीचा आवाजही पितळेतूनच येतो. फरक इतकाच, की भांडं ठोकून घडतं आणि सूर नखाएवढ्या पात्याला केसाएवढं घासून मिळतो.

वेग कशासाठी?

एकलवादनात वेग श्रोत्यांना थक्क करू शकतो. साथीत त्याचा उपयोग वेगळा आहे. गायकाने काय घेतलं ते त्याच क्षणी समजणं, त्याच्या मागे सावलीसारखं राहणं आणि तो श्वास घेतो तेवढ्या जागेत सूर भरून काढणं, यासाठी तयार हात लागतो. गायकाच्या पुढे पळणारा साथीदार कितीही वेगवान असला तरी त्याला पुन्हा बोलावत नाहीत. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणाऱ्याला तर तेच तेच सूर एकसारख्या लयीत तासभर वाजवावे लागतात. तिथे वेगापेक्षा ठेहराव मोठा.

झाडीपट्टी रंगभूमीला आता देशपातळीवर ओळख मिळाली आहे. ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याच वेळी रंगमंचावर की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आहेत. की-बोर्डला भाता नाही, पट्ट्या हलक्या, एका बटणाने पट्टी बदलते. वेगासाठी हे सगळं सोयीचं. पण बटणाने पट्टी बदलते, नटाने ऐन वेळी घेतलेली तान बटणाने ओळखता येत नाही. ती ओळखण्यासाठी कान लागतो, आणि कानामागे पलट्यांनी घोटलेली बोटं लागतात.

गावात शिकवणारा गुरू नसेल तरी सुरुवात करता येते. भजनी मंडळाची पेटी, मोबाइलवरचं तानपुऱ्याचं ॲप आणि रोजची चाळीस मिनिटं एवढं पुरतं. मात्र बोटांची वाटणी आणि बसण्याची पद्धत एकदा तरी जाणत्या वादकाला दाखवून घ्यावी, कारण चुकीची सवय मोडायला ती लागण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. आणि पुढच्या मंडईत नाटकाला गेल्यावर नटाबरोबरच त्या कडेच्या माणसाच्या उजव्या हाताकडेही पाहावं. तान जितकी वेगवान, तितका तो हात शांत दिसेल.